आवाज काहून थांबला

आमची आणि याकूब पिंजाऱ्याची मधली भिंत एकच होती. मातीची, हातभर जाड, तरी पलीकडचं सगळं ऐकू यायचं. अमरावतीच्या वखारपुऱ्यात आमची बिऱ्हाडं लागून होती, दोन खोल्या त्यांच्या, दोन आमच्या. बाबा शहर पोलिसात हवालदार होते. पोलीस लायनीत क्वार्टर मिळत नव्हतं म्हणून आम्ही गल्लीत भाड्यानं राहायचो, असं बाबा सांगायचे. पण खरं म्हणजे त्यांना गल्लीच आवडायची. लायनीत ते कितीतरी हवालदारांतले एक झाले असते. गल्लीत ते एकटेच हवालदार. कुणाची सायकल गेली, कुणाचा जावई पिऊन दारात आडवा झाला, की माणसं आधी आमच्या ओट्यावर यायची आणि मग ठाण्यावर. बाबा मिशीवरून बोट फिरवत सगळ्यांचं ऐकून घ्यायचे, आणि माय आत भाकरी थापता थापता म्हणायची, "आले सायेब लोक."

दसरा-दिवाळी उलटली की थंडीच्या तोंडावर याकूबचाचाकडे कामाची झुंबड उडायची. गावभरच्या गाद्या, रजया, उशा त्याच्या दारात येऊन पडत. समोर त्यानं टिनाची छपरी काढली होती, पण ती भरली की कापूस घरात शिरायचा, आणि चाचा, चाची आणि त्यांची नूर त्या कापसात कुठंतरी जागा करून निजायचे. पिंजणीचं काम ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगते. माणसाएवढं लांब लाकडी धनुष्य, त्याला पिंजण म्हणतात, आढ्याला दोरीनं टांगलेलं असतं, त्याला आतड्याची वळलेली तात ताणून बांधलेली. डाव्या हातानं धनुष्य कापसावर धरायचं आणि उजव्या हातातल्या लाकडी ठोकळ्यानं तातीवर मारायचं. धुंई टक, धुंई टक. दोन्ही हात गुंतलेले. तात मधूनमधून तुटायची. मग सगळं शांत व्हायचं, चाचा नवी तात ओढून बांधायचा, एखादी बिडी प्यायचा, आणि पुन्हा धुंई टक सुरू. ही शांतता आमच्या इतकी अंगवळणी पडली होती की माय हातातलं काम न थांबवता नुसतं "तुटली" म्हणायची.

दोन्ही घरांत फार गोडी होती असं काही मी लिहिणार नाही. माझ्या नातीला वाटतं की त्या काळी सगळे एकमेकांच्या गळ्यात गळे घालून फिरायचे. तसं नव्हतं. कापसाचा तूस उडून मायच्या वाळत टाकलेल्या मुगवड्यांवर बसायचा आणि मग माय भिंतीला तोंड लावून जे बोलायची ते भिंतीपलीकडे शब्दन् शब्द पोचायचं. शरीफाचाचीही काही कमी नव्हती. तीन-चार दिवस अबोला, मग नूरच्या हाती वाटीभर शिरखुर्मा किंवा माझ्या हाती भरीत-भाकरी, आणि पुढच्या तुसापर्यंत सारं ठीक.

त्या वर्षी नगरपालिकेनं गल्लीतून नाली काढायचं ठरवलं. नाली सरळ जायची तर चाचाची छपरी जाणार होती. त्यानं हंगाम संपेपर्यंतची मुदत मागितली होती आणि ती मिळाली आहे अशी त्याची समजूत होती. एका सकाळी पालिकेची माणसं आली आणि त्यांनी काही न बोलता छपरीचा एक खांब उपटला. टिन खाली आलं आणि लोकांचा पिंजून ठेवलेला कापूस खोदलेल्या नालीच्या चिखलात पडला. चाचा हातातल्या ठोकळ्यासकट धावत बाहेर आला आणि त्यानं मुकादमाच्या डोक्यात तो हाणला. रक्त आलं. मुकादम खाली बसला. चाचानं बायकोला आणि नूरला मागच्या दारानं आमच्या घरात ढकललं, आपलं दार आतून लावून घेतलं आणि ओरडला की जो आत येईल त्याला गोळी घालीन. घरात बंदूक होती हे खरंच. चाचाचा सासरा अंजनगावकडे कुणाच्या तरी मळ्यावर रानडुकरं हाकलायचा, त्याची ठासणीची जुनी बंदूक खुंटीला टांगलेली असायची. ती कधी उडालेली आम्ही पाहिली नव्हती. ती उडत नाही, असंही कुणी छातीठोक सांगू शकत नव्हतं.

दुपार व्हायच्या आत पोलिसांचा ट्रक आला. बाबाही त्यातच होते. नवे साहेब वऱ्हाडाबाहेरचे, वयानं तरणे. माणूस वाईट नव्हता, हे बाबा शेवटपर्यंत सांगत. त्यांनी गल्ली रिकामी केली, समोरच्या माडीवर दोन बंदुकवाले चढवले आणि सगळ्या घरांची दारं लावून घ्यायला सांगितली. आमच्या स्वयंपाकघरात माय, मी, चाची आणि नूर. दाराच्या फटीतून मला बाबांचे फक्त पाय दिसत होते. ते चाचाच्या दारापाशी उभे राहून बोलत होते, हळू, म्हातारपणी माझ्या मुलांना निजवताना बोलायचे तसे. बोलणं भिंतीतून आत येत होतं.

"याकूबभाई, मी आहो. दुसरं कोनी नाही दारापाशी."

आतून चाचाचा रडवेला, चिडका आवाज आला. त्याचं म्हणणं असं की लोकांचा कापूस बुडाला, आता तो कुणाला तोंड दाखवणार, आणि बाहेर आला तर पोलीस त्याला ट्रकमध्ये घालून मारतील. बाबांनी मारणार नाहीत असं सांगितलं नाही. पोलीस असल्यामुळे ते त्यांना सांगवलं नसावं. ते म्हणाले, "तू आता काम कर. पिंजत राह्य. दोन्ही हात त्याच्यात राहतीन. जोवर आवाज येते तोवर मी सायबाले थांबवून ठेवतो. डोकं थंड झालं की दार उघड, मी सोता तुले घेऊन जातो."

आत आढ्याची दोरी करकरली. मग धुंई टक.

मायनं चाचीकडे पाहिलं आणि चुलीत काड्या सारल्या. जेवणाची वेळ टळून गेली होती. तिनं पीठ मळायला घेतलं, आणि चाचीनंही न सांगता पाटावर बसून भाकरी थापायला सुरुवात केली. बाहेर बाबांनी साहेबांना समजावून सांगितलं असणार, कारण बुटांची धावपळ थांबली. पलीकडे कापूस पिंजला जात होता, इकडे भाकरी थापल्या जात होत्या. नूर माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. तो आवाज एका लयीत चालू राहावा म्हणून मी मनातल्या मनात प्रत्येक ठोक्याबरोबर मान हलवत होते.

आणि आवाज थांबला.

चाचीनं तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "तात तुटली असन." मायनं मान डोलावली. मलाही तेच वाटलं. आम्हा चौघींपैकी एकीलाही भीती वाटली नाही, हे मी अगदी शपथेवर सांगते. रोजचीच गोष्ट. आता तो नवी तात बांधेल, इतकंच. बाहेर जाऊन कुणाला हे सांगावं असं आमच्या मनातही आलं नाही, कारण बाहेर बाबा होते आणि बाबांना ते ठाऊक होतं.

साहेबांचा आवाज आला. त्यांनी काही विचारलं. बाबांचं उत्तर मला ऐकू आलं नाही. मग मोठ्यानं एक हुकूम, आणि चाचाच्या झरोक्यातून अश्रुधुराची नळकांडी आत पडली. धुरानं तो बाहेर येईल असा साहेबांचा हिशेब होता. पण ती नळकांडी तापलेली असतात आणि घर पिंजलेल्या कापसानं भरलेलं होतं. पिंजलेला कापूस कसा पेटतो ते मी पाहिलं आहे. ज्वाळा दिसायच्या आधीच आग सगळीकडे पोचलेली असते. आमची भिंत गरम झाली. चाची किंचाळत मागच्या दाराकडे धावली, मायनं तिला कमरेला धरून ठेवलं. चाचाला कडी सापडेना. सापडली तेव्हा ती लाल झाली होती, आणि ती त्यानं दोन्ही हातांनी ओढली. तो बाहेर पडला तेव्हा त्याच्या हातांना लागलेला कापूस जळत होता. अशा माणसावर तीन-चार शिपायांनी लाठ्या चालवल्या. बाबांनी मधे पडून शेवटची लाठी आपल्या दंडावर घेतली. पण शेवटचीच.

बंदूक खुंटीवरच सापडली, दस्ता जळालेला.

त्यानंतरचे दिवस आठवले की अजूनही माझी भूक जाते. चाचा इर्विन इस्पितळात खाटेवर होता, दाराशी पोलिसांचा पहारा. मुकादमाला मारल्याचा गुन्हा होताच; त्याशिवाय पोलिसांवर बंदूक रोखली, जीव घ्यायचा इरादा होता, असा मोठा गुन्हा त्याच्यावर लावला होता. तो शाबीत झाला असता तर चाचाचं अर्धं आयुष्य तुरुंगात गेलं असतं. गावात ओरड झाली म्हणून वरून चौकशी बसली, आणि चौकशीचा सगळा भार एका प्रश्नावर येऊन ठेपला. आवाज थांबला तेव्हा हवालदाराला काय वाटलं?

ओट्यावर माणसं यायची थांबली. नळावर माझी कळशी आली की बायका बोलणं बदलायच्या. शाळेत मधल्या सुट्टीत मुलींचे दोन तट पडले होते आणि मी पोलिसांच्या बाजूनं जीव तोडून भांडत होते. बंदूक घेऊन बसलेल्या माणसाला काय ओवाळायचं होतं का, हे माझं ठरलेलं वाक्य. ते बाबांचंच होतं. संध्याकाळी बाबा ते गावंडे मास्तरांना ऐकवायचे. मास्तर समोरच्या माडीवर राहायचे आणि आता आमच्या ओट्यावर येणारा तो एकटाच माणूस उरला होता, तोही भांडायला. एका माणसासाठी ट्रक भरून माणसं कशाला, असं ते विचारत. संध्याकाळपर्यंत बसून राहिला असता तर काय बिघडलं असतं? भुकेनं आला असता बाहेर. बाबा म्हणायचे, तुम्ही वर्गात पोरं आवरता, एकदा बंदुकीसमोरच्या दारात उभे राहून पाहा. मास्तर म्हणायचे, बंदूक भरलेली असती तर आगीत तिचा बार उडाला असता. बाबा म्हणायचे, दारू सादळली असेल. दोघांचंही मला पटायचं. मग मास्तर विचारायचे की बरं, हात जळत बाहेर आलेल्या माणसाला लाठ्या कशासाठी? इथं बाबा उठून आत पाणी प्यायला जायचे.

हल्ली टीव्हीवर अशाच गोष्टींवर रात्रंदिवस वाद चालतो. सगळे एकदम बोलतात आणि पाणी प्यायला कुणीच उठत नाही. मी बंद करून टाकते.

अकोल्याहून रामभाऊमामा आले. मायचे थोरले भाऊ, कचेरीबाहेर अर्ज लिहून देणारे, कायद्याची भाषा पानासारखी चघळणारे. येताना तीळ घातलेल्या कळण्याच्या वड्या आणल्या होत्या, त्या कुणी खाल्ल्या नाहीत. बाबांच्या ठाण्यातले दोघेजण साध्या कपड्यांत येऊन चहा पिऊन गेले होते आणि जाताना, हवालदार, लेकराबाळांचे धनी आहात, एवढंच बोलले होते. मामांनी त्यावर तोडगा काढला. साक्षीत बाबांनी मोजकंच बोलायचं. आवाज थांबला, मला वाटलं त्यानं बंदूक उचलली. संपलं. "यात खोटं काय आहे, सांगा? वाटलं होतं ना?"

"वाटलं होतं," बाबा म्हणाले.

"मंग झालं."

 त्या दिवसापासून माय चाची-नूरला मागच्या खोलीत सांभाळत होती आणि बाबांशी कामापुरतंच बोलत होती. ती चुलीपासून म्हणाली, "अन् बाकीचं अर्धं कोन सांगन? आमी चुलीपाशी बसून समजलो. तुमी दारापाशी उभे होते." मामा तिच्यावर खेकसले की नोकरी गेली तर पोरीला घेऊन अकोल्याला माझ्याच दारात येशील. माय म्हणाली, येईन. बाबा दोघांकडेही न पाहता मला म्हणाले, जा, कंदिलाची काच पूस. काच मी सकाळीच पुसली होती. तरी पुन्हा पुसली.

चौकशी कँप भागातल्या कचेरीत झाली. चाचीला बोलावलं होतं म्हणून सोबतीला माय, आणि घरात एकटी बसवणार नाही म्हणून मी. आम्ही मागच्या बाकावर बसलो. चाचाला आणलं होतं. दोन्ही हात बोळ्यांसारखे गुंडाळलेले, ते त्यानं मांडीवर ठेवले होते. साहेब पुढे बसले होते आणि त्यांचा चेहरा मला फार थकलेला दिसला. बाबांचं नाव पुकारलं. कडक इस्त्रीचा गणवेश, टोपी काखेत. पिंजत राहायचं कसं ठरलं ते त्यांनी नीट सांगितलं. मग चौकशीच्या अधिकाऱ्यांनी विचारलं की आवाज थांबल्यावर पुढे काय झालं. माझ्या शेजारी माय पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

"सायबांनी मले इचारलं, आवाज काहून थांबला," बाबा म्हणाले. घरात बोलायचे तसेच बोलत होते, कचेरीतलं शुद्ध बोलणं त्यांना त्या दिवशी जमलं नाही. "म्या म्हटलं, सांगता येत नाही."

"तुम्हाला खरंच सांगता येत नव्हतं?"

"येत होतं, हुजूर. तात तुटते. आमच्या गल्लीतल्या लेकरालेबी ठाऊक आहे. तवा आठवलं नाही म्हनलं तर खोटं होईन. आठवलं. पन बंदूकबी आठवली, अन् मी भेलो. त्याच्या हातात बंदूक म्या पाह्यली नाही. कोनीच पाह्यली नाही. सायबाले माहीत नव्हतं, मले माहीत होतं."

अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं. समोर बसलेल्या साहेबांनी डोळे मिटले. हायसं वाटून की लाजेनं, ते मला त्या वयात कळलं नाही आणि आज विचार करूनही कळत नाही.

झालं ते असं. चाचावरचा मोठा गुन्हा गेला, मुकादमाला मारल्याचा तेवढा राहिला. साहेबांनी हवालदाराच्या माहितीवर विसंबून हुकूम दिला, सबब त्यांच्याकडे दोष नाही, असं ठरलं. लाठ्यांचा विषय निघालाच नाही. आणि बाबांची हवालदारी काढून त्यांना साधा शिपाई करून दर्यापूरच्या ठाण्यावर पाठवलं. लायनीतले लोक म्हणायचे, यानं खात्याचं नाक कापलं. गल्लीतले काही म्हणायचे, यानं शेवटी साहेबालाच वाचवलं. नळावरच्या बायका मात्र माझ्याशी पुन्हा बोलू लागल्या. बाबांनी बाहीवरच्या फिती स्वतः उसवल्या. मायनं कात्री मागितली तेव्हा दिली नाही.

आम्ही निघालो त्या सकाळी दारात बैलांचं खाचर उभं होतं आणि भांडी चढत होती. चाचा जामिनावर सुटून जळक्या घरासमोर, त्याच्यासाठी अंजनगावहून येऊन खोली घेतलेल्या नूरच्या मामाकडे राहत होता. बाबा त्याला एकदाही भेटले नव्हते. इस्पितळात जातो म्हणायचे आणि अर्ध्या वाटेवरून परत यायचे. चाचा आपणहून आला आणि आमच्या ओट्यावर बसला. हातांवरची पट्टी निघाली होती. बोटं आत वळून एकमेकांना चिकटल्यासारखी झाली होती. ते हात पिंजण धरणार नाहीत हे पाहताक्षणी कळत होतं. चाचा दर्यापूरचं पाणी खारं आहे म्हणाला, बाबा हो म्हणाले.  माय आत चहा टाकत होती.

शेवटी बाबांना राहवलं नाही. इतके दिवस आत साठलेलं ते जवळजवळ रागावूनच बाहेर आलं. "याकूबभाई, तात तुटली तवा एक हाक द्यायची होती तू. तात तुटली, एवढंच."

चाचाला ती गोष्टच नवी वाटली. त्यानं बाबांकडे पाहिलं.

"काहून देऊ?" तो म्हणाला. "बाहेर तुमी होते ना."

 मायनं चहाची कपबशी चाचाजवळ आणून ठेवली आणि ठेवल्यावर तिच्या ध्यानात आलं. ती तशीच उभी राहिली. बाबा खाली बसले, त्यांनी चहा बशीत ओतला, फुंकून निववला आणि बशी चाचाच्या तोंडाशी धरली.  चाचानं आपल्या दोन्ही मनगटांनी बाबांचा हात खालून टेकवून धरला आणि चहा प्यायला.